वृद्धापकाळाची आर्थिक सुरक्षा, गोव्यातील

गोवा राज्यातील साठ वर्षांवरील मतदारांचा निर्वाह ज्या मिळकतीवर, बचतीवर, मालमत्तेवर आणि शासकीय साहाय्यावर चालतो ती व्यवस्था, ती पुरेल की नाही याविषयीची त्यांची चिंता, आणि त्या चिंतेला निवडणुकीच्या राजकारणात मिळालेले स्थान, हा या नोंदीचा विषय होय. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याच्या १४.५८ लाख लोकसंख्येत साठ वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण सुमारे ११.२ टक्के होते. देशाची सरासरी ८.६ टक्के होती आणि राज्यांमध्ये केवळ केरळ, १२.६ टक्क्यांसह, गोव्याच्या पुढे होते. घटलेला जन्मदर, वाढलेले आयुर्मान आणि तरुणांचे स्थलांतर ही याची कारणे सर्वमान्य आहेत. विधानसभेचे मतदारसंघ ४० असून ते आकाराने लहान आहेत. काही शे मतांनी निकाल फिरण्याचे प्रसंग येथे दुर्मीळ नाहीत. त्यामुळे ज्येष्ठांच्या मासिक मिळकतीचा प्रश्न मोठ्या राज्यांच्या तुलनेत येथे लवकर राजकीय होतो.

पूर्वपीठिका : शासकीय योजनांपूर्वी वृद्धांचा आधार कोणता होता, याविषयी एकमत नाही. एका मतानुसार गावकरी, म्हणजे पोर्तुगीज कारभारात कोमुनिदाद म्हणून ओळखली गेलेली ग्रामसंस्था, हीच गोव्याची मूळ सामाजिक सुरक्षा होती. गावच्या सामाईक शेतांचे उत्पन्न देवस्थान, बांधबंदिस्ती आणि सारा यांचा खर्च भागल्यावर गावकऱ्यांत, म्हणजे या संस्थेच्या वंशपरंपरागत सभासदांत, झोण म्हणून वाटले जाई, आणि हा वाटा हयातभर मिळत असल्याने हातपाय थकलेल्या गावकऱ्यालाही उत्पन्न राही, असा हा युक्तिवाद आहे. दुसऱ्या मतानुसार झोण हा निव्वळ मालकीहक्काचा लाभांश होता आणि गरजेशी त्याचा संबंध नव्हता. पोर्तुगीज महसूल अधिकारी अफोंसो मेक्सिया याच्या १५२६ च्या सनदेत गावकऱ्यांचे हक्क नोंदले गेले. तिचा भर जमीन, सारा आणि वारसा यांवर आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी जुन्या काबिजादीतील, म्हणजे पोर्तुगीजांनी प्रथम जिंकलेल्या तालुक्यांतील, गावसमूहांचा अभ्यास आर्थिक अंगाने केला. त्यानंतर या संस्थेकडे आदर्श ग्रामराज्य म्हणून पाहण्याची पद्धत बरीच मागे पडली, तरी लोकप्रिय लेखनात ती टिकून आहे.

उपलब्ध पुराव्याकडे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. झोण सामान्यतः पुरुष गावकऱ्याला मिळे. गावात पिढ्यान्‌पिढ्या राबणारे मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारे), कूळ आणि कारागीर यांना गावकरीपण नसल्याने तो मिळत नसे, आणि म्हातारपणी उपासमारीचा धोका तर त्यांनाच अधिक होता. पहिल्या मतात तथ्य आहे ते इतकेच, की सामाईक उत्पन्न असलेल्या गावात बांध, तळी आणि वाटा यांची डागडुजी होत राही आणि त्याचा अप्रत्यक्ष लाभ सर्वांना मिळे. १९६४ चा कृषी कूळ कायदा आणि त्याची १९७६ ची पाचवी दुरुस्ती यांमुळे कसणारे कूळ जमिनीचे मालक ठरले, तर १९७५ च्या मुंडकार कायद्याने राहत्या घराला संरक्षण दिले. त्यानंतर कोमुनिदादींचे शेतीचे उत्पन्न आटले आणि झोण बहुतेक ठिकाणी नाममात्र उरला. ज्यांना घर आणि शेत मिळाले, त्या पिढीची म्हातारपणाची सुरक्षा मात्र झोणापेक्षा या कायद्यांनी अधिक निश्चित केली, असे म्हणता येईल.

मुक्तीच्या वेळी, १९ डिसेंबर १९६१ रोजी, पोर्तुगीज प्रशासनाच्या सेवेत असलेल्या कर्मचाऱ्यांचा प्रश्न १९६५ च्या गोवा, दमण व दीव सामीलीकृत कर्मचारी कायद्याने हाताळला गेला. बचतीच्या बाबतीत त्या पिढीचा अनुभव कटू होता. बांको नासिओनाल उल्त्रामारिनो या बँकेत तारण ठेवलेले गोमंतकीयांचे दागिने मुक्तीपूर्वी लिस्बनला हलवले गेले आणि ते परत येण्यास १९९१ उजाडले. तोवर तारण ठेवणाऱ्यांपैकी अनेक जण हयात नव्हते.

मालमत्ता आणि वारसा : १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा कौटुंबिक भाग गोव्यात आजही लागू आहे. वारसाविषयक तरतुदींची जागा २०१२ च्या गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कार्यवाही कायद्याने घेतली असून तो डिसेंबर २०१६ पासून अंमलात आला. विवाहसमयी वेगळा करार केलेला नसल्यास पतिपत्नींची मालमत्ता सामाईक मानली जाते आणि जोडीदाराच्या मृत्यूनंतर अर्धा हिस्सा वारसा म्हणून नव्हे तर स्वतःच्या हक्काने मागे राहिलेल्याकडे येतो. विधवेच्या दृष्टीने ही तरतूद देशातील अन्य भागांपेक्षा सरस आहे. शिवाय मालमत्तेचा अर्धा भाग सक्तीच्या वारसांसाठी राखीव असतो, आणि आईवडीलही आपली मालमत्ता मुलांच्या नावे करताना हयातभर उपभोगाचा हक्क स्वतःकडे ठेवू शकतात.

याच कायद्याची दुसरी बाजू वृद्धांना अडचणीची ठरते. फोंडा किंवा बार्देश तालुक्यातील राजांगण असलेल्या जुन्या घरात सत्तरी ओलांडलेली विधवा एकटी राहते. घर कागदोपत्री सासऱ्याच्या नावे असते. त्यांच्या वारसांपैकी कोणी मुंबईत, कोणी पुण्यात, कोणी लंडनजवळ स्थायिक झालेले असते. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतील मालमत्तेची कायदेशीर वाटणी, झालेली नसते आणि सर्वांच्या, शिवाय त्यांच्या जोडीदारांच्या, सह्यांवाचून विक्री होत नाही. जमिनीचे भाव पाहता ही बाई कागदावर कोट्यधीश ठरते, पण कौले बदलायला लागणारे पैसे तिच्या हाताशी नसतात. गोव्यातील ज्येष्ठांच्या आर्थिक चिंतेचा पुष्कळसा भाग अशा रोकडटंचाईचा आहे, आणि दारिद्र्यरेषेच्या मोजमापात तो दिसत नाही.

दर्यावर्दी आणि परदेशी उत्पन्न : तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारे, आणि आखाती देशांत गेलेले कामगार यांच्या पैशावर गोव्यातील, विशेषतः सासष्टी व बार्देशमधील, असंख्य घरे उभी राहिली. १९६६ च्या खलाशी भविष्य निर्वाह निधी कायद्यामुळे भारतीय जहाजांवरील खलाशांना एकरकमी रक्कम मिळू लागली. परदेशी कंपन्यांच्या क्रूझ जहाजांवर कराराने काम करणाऱ्यांना मात्र निवृत्तिवेतन असे नसते. राज्य शासनाने २०१२ नंतर निवृत्त खलाशी आणि खलाशांच्या विधवा यांना महिना २,५०० रुपये देणारी योजना आणली. तिच्यात खंड पडले आणि ती पुन्हा सुरू करावी लागली. मुक्तीपूर्वी जन्मलेल्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग खुला असल्याने तरुण कुटुंबे युरोपात गेली. दुहेरी नागरिकत्व भारतीय कायद्याला मान्य नसल्याने असे नागरिकत्व घेणाऱ्यांचा मतदानाचा हक्क जातो, तर मागे राहिलेल्या आईवडिलांचा राहतो. त्यामुळे काही गावांच्या मतदारयादीत ज्येष्ठांचे वजन लोकसंख्येच्या मानाने अधिक भरते.

खाणपट्टा : डिचोली, सत्तरी, सांगे, केपे आणि धारबांदोडा या तालुक्यांत लोहखनिजाच्या खाणींनी पगार, ट्रकभाडे आणि दुकानदारी अशी तिहेरी मिळकत दिली. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य शासनाने आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. एप्रिल २०१४ च्या निवाड्यानंतर उत्खनन मर्यादित प्रमाणात सुरू झाले, पण ७ फेब्रुवारी २०१८ च्या निवाड्याने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरून १६ मार्चपासून काम पुन्हा बंद पडले. या दोन धक्क्यांच्या वेळी पन्नाशीत असलेले कामगार आणि ट्रकमालक आज साठीच्या पुढे आहेत. ट्रकमालकांनी कर्ज काढून घेतलेली वाहने हाच त्यांचा भविष्य निर्वाह निधी होता, आणि तो अंगणात गंजत राहिला.

कामगारांना कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ लागू होती. ती १६ नोव्हेंबर १९९५ पासून अंमलात आली. मालकाच्या १२ टक्के वाट्यातील ८.३३ टक्के रक्कम तिच्याकडे वळते. निवृत्तिवेतनाचे सूत्र असे : निवृत्तिवेतनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. वेतनाची कमाल मर्यादा २००१ पासून ६,५०० रुपये होती आणि सप्टेंबर २०१४ पासून ती १५,००० झाली. म्हणजे प्रत्यक्ष पगार २०,००० असला तरी २०१२ मध्ये नोकरी सुटलेल्या, मर्यादित वेतनावरच वर्गणी भरलेल्या आणि योजनेखाली १७ वर्षे सेवा झालेल्या कामगाराचा हिशेब ६,५०० गुणिले १७ भागिले ७० असाच होतो, आणि उत्तर येते सुमारे १,५७८ रुपये. पूर्ण निवृत्तिवेतन ५८ व्या वर्षी मिळते. त्याआधी घेतल्यास दर वर्षामागे ४ टक्के कपात होते, म्हणून ५५ व्या वर्षी तेच सुमारे १,४०० वर येते. या रकमेला महागाई भत्ता जोडलेला नाही. सप्टेंबर २०१४ पासून किमान निवृत्तिवेतन १,००० रुपये ठरले. पूर्ण पगारावर निवृत्तिवेतन मागण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२२ च्या निवाड्याने काहींना मोकळा झाला, परंतु त्यासाठी फरकाची वर्गणी व्याजासह भरावी लागत असल्याने खाण बंद पडून बसलेल्यांना त्याचा उपयोग मर्यादित आहे.

सरकारी सेवेतून जुन्या पद्धतीने निवृत्त झालेल्यांची स्थिती याच्या अगदी उलट आहे. शेवटच्या पगाराच्या निम्मे निवृत्तिवेतन, त्यावर वर्षातून दोनदा सुधारणारा महागाई भत्ता आणि मागे कुटुंब निवृत्तिवेतन, असा त्यांचा आधार आहे. केंद्राच्या सातव्या वेतन आयोगात किमान निवृत्तिवेतनच ९,००० रुपये आहे. गोव्यात ऑगस्ट २००५ नंतर नेमणूक झालेल्यांना नवी अंशदायी पद्धत लागू झाल्याने ही खात्री पुढच्या पिढीला नाही. एकाच वाड्यावर निवृत्त शिक्षक आणि निवृत्त खाणकामगार शेजारी राहतात, आणि तुलना अपरिहार्यपणे होते.

दयानंद सामाजिक सुरक्षा योजना : राज्यातील ज्येष्ठांसाठीची ही मुख्य योजना पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या नावाने ओळखली जाते. योजनेच्या नावात २००१ हे वर्ष आहे; प्रत्यक्ष वाटप त्या वर्षाच्या अखेरीस की २००२ च्या आरंभी सुरू झाले याविषयी उल्लेख वेगवेगळे आढळतात, आणि दुसरी तारीख अधिक संभाव्य दिसते. त्या वेळी मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री होते. आपल्या पक्षाबाहेरच्या, पण बहुजन समाजात भाऊसाहेब म्हणून आदराचे स्थान असलेल्या नेत्याचे नाव योजनेला देण्यात राजकीय चातुर्य होते, हे नमूद करण्याजोगे आहे. साठ वर्षांवरील व्यक्ती, एकाकी स्त्रिया व विधवा आणि दिव्यांग यांना उत्पन्नमर्यादा व राज्यातील १५ वर्षांच्या वास्तव्याच्या अटीवर समाजकल्याण खात्यामार्फत रक्कम थेट बँकेत जमा होते. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि तो चुकल्यास रक्कम थांबते. अंथरुणाला खिळलेल्यांच्या बाबतीत तक्रारी येतात त्या बहुधा याच टप्प्यावर.

प्रारंभीची ५०० रुपयांची रक्कम पुढे १,००० आणि २०१२ मध्ये २,००० झाली. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाशी तुलना करता ती मोठी दिसते, कारण केंद्राचा वाटा साठ ते एकोणऐंशी वर्षे वयोगटासाठी २०० आणि ऐंशीवरील व्यक्तींसाठी ५०० रुपयेच आहे. परंतु २०१२ ते २०२४ या काळात ज्येष्ठांसाठीची मूळ रक्कम २,००० वरच राहिली. ग्राहक किंमत निर्देशांक २०१२ मध्ये १०० धरला, तर २०२४ मध्ये तो १९० च्या आसपास होता. म्हणजे त्या २,००० रुपयांची खरेदीशक्ती २०१२ च्या सुमारे १,०५० रुपयांइतकी उरली. २०२२ च्या विधानसभा निवडणुकीत भारतीय जनता पक्षाने ही रक्कम ३,००० करण्याचे आश्वासन दिले होते, आणि अन्य पक्षांनी स्त्रियांसाठीच्या मासिक रकमा वाढवण्याची वचने दिली होती. प्रचारात योजनेच्या आवश्यकतेबद्दल कोणताच प्रमुख पक्ष वाद घालत नाही. वाद असतो तो रकमेवर आणि ती महिन्याच्या कोणत्या तारखेला जमा होते त्यावर. अपात्र लाभार्थ्यांची पडताळणीही वेळोवेळी होते, मात्र निवडणुकीच्या जवळ ती मंदावते असे निरीक्षक म्हणतात.

बचत आणि आरोग्य : नागरी सहकारी बँकांतील मुदत ठेवी हा मध्यमवर्गीय निवृत्तांचा आवडता मार्ग होता. म्हापसा अर्बन सहकारी बँकेवर २०१५ पासून निर्बंध होते आणि एप्रिल २०२० मध्ये तिचा परवाना रिझर्व्ह बँकेने रद्द केला. मडगाव अर्बन सहकारी बँकेवर २०१९ मध्ये निर्बंध आले आणि २०२१ मध्ये तिचाही परवाना गेला. ठेवविम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये १ लाखावरून ५ लाखांवर नेली गेल्याने बहुतेक ठेवीदारांचे मुद्दल वाचले, परंतु मधल्या वर्षांत ज्यांचा घरखर्च व्याजावर चाले त्यांचे हाल झाले. आरोग्यखर्चाच्या बाबतीत बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आणि २०१६ मध्ये सुरू झालेली दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना यांमुळे स्थिती तुलनेने बरी आहे. या योजनेत तीन सदस्यांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला २.५ लाख व त्याहून मोठ्या कुटुंबाला ४ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. घरी ठेवलेल्या सुश्रूषा करणाऱ्या बाईचा पगार मात्र कोणत्याच योजनेत बसत नाही.

मतदान : मतपत्रिका गुप्त असल्याने निवडणूक निकालांची वयोगटवार विभागणी उपलब्ध नसते, म्हणून मासिक रकमेमुळे ज्येष्ठांची मते फिरतात हे विधान अनुमानच राहते. लाभार्थी कृतज्ञतेने मत देतो हा समज, आणि रक्कम आता हक्काची झाल्याने तिच्यासाठी कोणी आभार मानत नाही हा दुसरा समज, या दोहोंना गावोगाव पाठीराखे आहेत. २०१२ नंतर रक्कम न वाढताही सत्तारूढ पक्ष पुन्हा सत्तेवर आला, हे पाहता पहिल्या समजाची मांडणी तरी सावधपणे करावी लागते. निवडणूक आयोगाने १४ फेब्रुवारी २०२२ च्या विधानसभा निवडणुकीत ८० वर्षांवरील मतदारांना १२-डी हा अर्ज भरून घरूनच टपाली मतदानाची सोय दिली होती. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीपासून ही वयोमर्यादा ८५ वर्षे करण्यात आली.