टायर किती तापणार, ते आधी विचारा

चौदाशे किलोची स्पोर्ट्स कार चार टायरांवर उभी असते, म्हणजे प्रत्येक टायरच्या वाट्याला साधारण साडेतीनशे किलो वजन येतं. टायरमध्ये ३२ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) हवा असेल, तर वजनाला दाबाने भागून जमिनीला टेकलेल्या रबराचं क्षेत्रफळ ढोबळमानाने काढता येतं. ते भरतं सुमारे १५६ चौरस सेंटिमीटर, म्हणजे साडेबारा सेंटिमीटर बाजूचा एक चौरस. ताशी १६० च्या वेगावरून ब्रेक मारणं, वळणात गाडी रेषेवर धरणं आणि वळण संपताच पुन्हा ताकद जमिनीवर उतरवणं, हे सगळं असल्या चार चौरसांवर अवलंबून असतं.

सोलापुरात गेल्या काही वर्षांत ताकदवान गाड्या घेणारे आणि त्या ट्रॅकवर नेऊन चालवू पाहणारे तरुण वाढले आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. वेगाची हौस विजापूर रोडवर भागवण्यापेक्षा बंदिस्त ट्रॅकवर भागवणं केव्हाही चांगलं. टायरचा विषय निघाला की त्यांचे प्रश्न मात्र ठरलेले असतात: कोणती कंपनी, किती रुंद, किती चिकट? माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा. हे रबर कोणत्या तापमानाला नीट काम करतं, आणि आपण त्याला किती तापवणार आहोत?

रबराची पकड दोन मार्गांनी येते. एक म्हणजे रबराचे रेणू डांबराच्या पृष्ठभागाला क्षणभर चिकटतात, ताणले जातात आणि सुटतात. दुसरा मार्ग अधिक रंजक आहे. रस्त्यातल्या खडीचे बारीक-मोठे उंचवटे रबरात रुततात. रबर पुढे सरकताना उंचवट्याच्या अलीकडच्या बाजूला दबतं आणि पलीकडे गेल्यावर पूर्ववत व्हायला किंचित उशीर लावतं. त्यामुळे अलीकडे दाब जास्त आणि पलीकडे कमी पडतो. हा फरक गाडीला धरून ठेवतो. दबताना घेतलेली सगळी ऊर्जा रबर परत करत नाही, उरलेली उष्णता होऊन आतच राहते. या गुणाला हिस्टेरिसिस म्हणतात. रस्ता ओला झाला की पाण्याच्या पातळ थरामुळे रेणूंचं चिकटणं जवळजवळ थांबतं आणि भिस्त या दुसऱ्या मार्गावरच राहते. आपल्याकडच्या रस्त्यांत काळ्या पाषाणाची खडी असते. वाहनं जाऊन जाऊन ती गुळगुळीत झाली की पहिल्या पावसात घसरायला का होतं, त्याचं उत्तरही इथेच आहे.

म्हणजे पकड हवी असेल तर रबराने ऊर्जा खाल्ली पाहिजे, आणि ऊर्जा खाल्ली की ते तापणारच. इंधन वाचवणाऱ्या टायरचं गणित नेमकं उलटं असतं: चाक सरळ फिरत असताना ऊर्जा कमीत कमी वाया जावी. १९९२ साली मिशलिन या टायर कंपनीने रबरात सिलिका (वाळूतल्याच पदार्थाची बारीक पूड) मिसळलेले टायर बाजारात आणले, तेव्हा या ओढाताणीतून बरीच वाट निघाली. चाक सावकाश फिरताना बसणारे हेलकावे आणि खडीवरून घासताना बसणारे अतिजलद हेलकावे यांना रबर वेगवेगळा प्रतिसाद देतं, आणि सिलिकामुळे हे दोन प्रतिसाद काही प्रमाणात स्वतंत्रपणे जुळवता आले. तरी निसर्गनियम संपला नाही. रोजच्या प्रवासाचा टायर ट्रॅकवर नेला की तो आपल्या सोयीच्या तापमानाच्या बाहेर जातो.

चिक्कीचा पाक थंड झाला की टणकन तुटतो, फार तापला की वाहतो आणि मधल्या एका टप्प्यातच तार धरतो. रबराचंही तसंच आहे. प्रत्येक कंपाउंडचा, म्हणजे रबराच्या मिश्रणाचा, तो मधला टप्पा वेगळा असतो. साध्या प्रवासी टायरचा टप्पा खालच्या तापमानाला असतो, म्हणून तो घरातून निघाल्या निघाल्या पकड देतो. ट्रॅकवर मात्र दोन-तीन फेऱ्यांत त्याचा पृष्ठभाग मऊ पडून चिकट लगद्यासारखा सुटू लागतो आणि गाडी वळणात बाहेर ओढली जाते. याच्या उलट पूर्ण शर्यतीचा स्लिक, म्हणजे खाचा नसलेला गुळगुळीत टायर ८०-९० अंशांच्या वर गेल्याशिवाय खरी पकड देत नाही. थंड असताना तो रोजच्या टायरपेक्षाही दगा देऊ शकतो.

दुकानात हे तापमान टायरवर छापलेलं नसतं. अंदाज बांधायला एक आकडा मदत करतो, तो म्हणजे ट्रेडवेअर, टायरच्या झिजेचा आकडा. अमेरिकी नियमांनुसार साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, तो छापावा लागतो. टेक्सासमधल्या सॅन अँजेलोच्या परिसरात सुमारे ६४० किलोमीटरच्या ठरलेल्या सार्वजनिक रस्त्यावर गाड्यांचा ताफा फिरवून, एकूण साडेअकरा हजार किलोमीटरांत टायर किती झिजला हे प्रमाण-टायरशी ताडून पाहतात. ४०० चा टायर १०० च्या टायरपेक्षा ढोबळमानाने चौपट टिकावा, असा त्याचा अर्थ. आकडा जितका लहान, तितकं रबर सहसा मऊ आणि ट्रॅककडे झुकलेलं. मिशलिन पायलट स्पोर्ट ४ एस ३०० वर आहे, योकोहामा अॅडव्हान ए०५२ आणि ब्रिजस्टोन पोटेंझा आरई-७१आरएस २०० वर, टोयो आर८८८आर १०० वर आणि हूझियरचे शर्यतीचे टायर ४० वर. चाचणीवरून अंतिम आकडा कंपनीच ठरवते, त्यामुळे दोन कंपन्यांचे २०० सारखे असतीलच असं नाही. एकाच कंपनीचे दोन टायर ताडताना हा आकडा जास्त विश्वासाचा.

आता सोलापूरकराचं गणित. आपल्याला शर्यतीच्या दर्जाचा ट्रॅक गाठायचा तर चेन्नईजवळचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट, कोइंबतूरचं करी मोटर स्पीडवे किंवा ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट. चेन्नईचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा, करी २.१ चा आणि बुद्ध ५.१ चा. चेन्नईला गाडी स्वतः चालवत नेली तर जाऊन-येऊन दीड हजार किलोमीटरांहून जास्त प्रवास होतो, आणि ट्रॅकवर दिवसभरात पंधरा-वीस मिनिटांची चार-पाच सत्रं मिळतात. टायरचं बहुतेक आयुष्य महामार्गावर जाणार. मे महिन्यात आपल्याकडे हवाच ४२-४३ अंशांवर असते आणि काळं डांबर ६० अंशांच्या पुढे जातं. थंड टायरची अडचण सोलापूरकराला जवळपास नाहीच. आपली अडचण कायम वरच्या टोकाची आहे. त्यात पाऊस: सोलापुरात तो सप्टेंबरमध्ये जोर धरतो, आणि आपल्याकडचा ओसरल्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर चेन्नईकडे कोसळतो. सेमी-स्लिकला, म्हणजे रस्त्याचा टायर आणि स्लिक यांच्या मधल्या टायरला, खाचा कमी आणि उथळ असतात. साचलेलं पाणी बाजूला सारायला त्याला जागाच नसते, टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग एकदम हलकं पडतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. गाडी चालवत नेणाऱ्याने पहिल्या काही ट्रॅक डेंना (ट्रॅकवर आपली गाडी चालवायच्या दिवसांना) ३०० ट्रेडवेअरच्या आसपासचा उत्तम रस्त्याचा टायर वापरावा, हात बसला की २०० च्या वर्गात जावं. १०० च्या खालचे टायर वेगळ्या रिमवर चढवून टेम्पोतून नेण्याची सोय असेल तरच घ्यावेत. नवशिक्याला कमी चिकट टायर देण्यामागे काटकसर हे कारण नाही. वळणात टायर जिकडे तोंड करून असतो आणि गाडी प्रत्यक्षात जिकडे जाते, त्या दोन दिशांमध्ये थोडा कोन पडतो. त्याला स्लिप अँगल म्हणतात. रस्त्याचा टायर या कोनाच्या बऱ्याच मोठ्या पट्ट्यात पकड टिकवतो, सुटायच्या आधी ओरडतो आणि स्टिअरिंगमधलं वजन कमी करून हाताला कळवतो. ट्रॅकचं रबर जास्त पकड देतं, पण बहुधा आवाज न करता आणि एकदम सोडतं. शिवाय जास्त पकडीचा भार बेअरिंगवर आणि ब्रेकवर पडतो, आणि लांब वळणात इंजिनातलं तेल एका बाजूला जाऊन तेलाचा पंप कोरडा पडू शकतो. टायरवर लाखभर रुपये घालण्याआधी ब्रेक ऑइल आणि पॅड बदलून घ्या, एवढं कळकळीने सांगतो.

रुंदीबद्दल थोडक्यात. दाब तोच ठेवून रुंद टायर घातला तर जमिनीला टेकणारं क्षेत्रफळ फारसं वाढत नाही, त्याचा आकार बदलतो: आडवा जास्त, लांबीला कमी. वळणात त्याचा फायदा होतो आणि उष्णता जास्त रबरात वाटली जाते. पण रिम तेवढं रुंद नसेल तर साइडवॉल डुलते आणि फायदा निघून जातो. पोर्शे, बीएमडब्ल्यू यांसारख्या कंपन्या आपल्या गाड्यांसाठी खास जुळवलेल्या टायरांवर स्वतःची खूण छापून घेतात. दुसरा टायर घेतलाच तर निदान आकार आणि भारक्षमता तरी त्याच ठेवाव्यात.

टायरचं वय साइडवॉलवर चार आकड्यांत असतं. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. ऑक्सिजन आणि ओझोन रबराला कडक करतात, आणि हे काम उष्णतेत वेगाने होतं. चिकट कंपाउंड तर दर वेळी तापून गार होताना थोडं थोडं कडक होत जातं. खाचा शिल्लक दिसतात, पकड मात्र गेलेली असते. ट्रॅकच्या टायरांचा जोड पत्र्याच्या शेडमध्ये, किंवा एमआयडीसीतल्या गाळ्यात वेल्डिंग चालतं तिथे ठेवू नये. वेल्डिंगच्या ठिणगीजवळ ओझोन तयार होतो. गार, अंधाऱ्या खोलीत झाकून ठेवावा.

सगळ्यात जास्त गोंधळ हवेचा. उन्हाळ्यात टायर फुटतो म्हणून हवा दोन-चार पॉइंट कमी ठेवायची, हा सल्ला आपल्याकडे पंपावर सर्रास मिळतो. महामार्गासाठी तो घातक आहे. हवा कमी असली की प्रत्येक फेरीला साइडवॉल जास्त वाकते, आतून जास्त तापते आणि पुणे-हैदराबाद महामार्गावर भर दुपारी तीच फुटते. गाडीच्या दारावरच्या पट्टीवर लिहिलेला आकडा टायर गार असताना भरावा, उन्हाळा असो की हिवाळा.

ट्रॅकवर मात्र नियम बदलतो, कारण तिथे टायर कुठल्याही प्रवासापेक्षा जास्त तापतो. ३० अंशांना ३२ पीएसआय भरलेली हवा ८० अंशांना गेली की वायूच्या नियमाने दाब जवळपास ४० वर पोहोचतो, म्हणजे सहा-सात अंशांमागे एक पीएसआय. कॉम्प्रेसरमधून हवेबरोबर पाणी गेलं असेल तर त्याची वाफ होऊन वाढ आणखी होते. नायट्रोजनचा ट्रॅकवरचा खरा फायदा तो कोरडा असतो हा आहे. नाहीतर साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. ४० पीएसआयला टायर मधोमध फुगतो, कडा उचलल्या जातात आणि तो साडेबारा सेंटिमीटरचा चौरस आणखी लहान होतो. म्हणून सत्र संपवून गाडी आत आली की लगेच, टायर गरम असतानाच दाब मोजायचा आणि कंपनीने सांगितलेल्या गरम दाबापर्यंत हवा सोडायची. पुरेशी सोडली का, हे टायरच सांगतो. सत्राआधी टायरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी संपून साइडवॉल सुरू होते त्या कडेवर, खडूची रेघ ओढून ठेवा. रेघ खांद्यावरून खाली साइडवॉलपर्यंत पुसली गेली तर दाब कमी पडतोय, आणि नक्षीच्या कडेलाही शाबूत राहिली तर अजून जास्त आहे.

यात एक धोका उरतो, आणि दिवसभराच्या उत्साहात तो विसरला जातो. ८० अंशांना ३५ वर आणलेला टायर संध्याकाळी ३० अंशांपर्यंत गार झाला की २८ वर येतो. गाडीत सामान, दोन माणसं आणि समोर रात्रभराचा महामार्ग. ट्रॅकवरून सोलापूरकडे निघण्याआधी टायर पूर्ण गार होऊ द्या, खांदे आणि साइडवॉल टॉर्च लावून आतल्या बाजूनेही पाहा, नक्षी कुठेही १.६ मिलिमीटरच्या खाली गेलेली नाही ना ते तपासा आणि हवा पुन्हा दारावरच्या पट्टीएवढी भरा.