स्थिर कर्नलमध्ये नवे किती घालायचे? बॅकपोर्टच्या वादाची पार्श्वभूमी

स्थिर आवृत्तीत दुरुस्त्या तेवढ्या यायच्या, नवी वैशिष्ट्ये पुढच्या आवृत्तीत, हे तत्त्व कोणी नाकारत नाही. वाद पेटतो तो पुढची आवृत्ती लांबली की. लिनक्सचा २.४ कर्नल (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) जानेवारी २००१ मध्ये आला आणि २.६ यायला डिसेंबर २००३ उजाडला. मधल्या जवळजवळ तीन वर्षांत नवे सगळे विषम आकड्याच्या २.५ मध्ये साठत गेले (तेव्हा सम आकडा स्थिर मालिकेचा, विषम आकडा प्रयोगाच्या), आणि २.५ कामाच्या सर्व्हरवर चढवायची कोणाची छाती नव्हती. २.४ तरी कुठे सोवळा होता? सप्टेंबर २००१ मध्ये २.४.१० काढताना त्याची मेमरी व्यवस्थापनाची यंत्रणाच बदलून टाकली होती, तीही स्थिर मालिकेत.

मग वितरणांनी, म्हणजे कर्नलभोवती तयार लिनक्स बांधून देणाऱ्यांनी, २.५ मधला माल आपापल्या २.४ मध्ये ओतायला सुरुवात केली. नव्या आवृत्तीतला कोड असा जुन्या आवृत्तीत आणणे म्हणजेच बॅकपोर्ट. यातला सर्वांत वादग्रस्त निर्णय २००३ चा. एका बड्या वितरणाने २.४.२० कर्नलवर २.५ साठी लिहिलेली थ्रेडची (एकाच प्रोग्रामच्या आत एकाच वेळी चालणाऱ्या कामांची) नवी यंत्रणा, एनपीटीएल, आणून बसवली. जुन्या पद्धतीत प्रत्येक थ्रेडला स्वतंत्र प्रोसेस क्रमांक मिळे. चालू प्रोसेसची यादी दाखवणारे 'पीएस' चालवले की एकाच प्रोग्रामच्या ओळींची रांग दिसे, आणि प्रोसेसला पाठवलेले सिग्नल पॉझिक्स या मानकाच्या नियमाप्रमाणे पोहोचत नसत. नव्या पद्धतीत एक प्रोसेस, एक क्रमांक. शेकडो थ्रेड चालवणाऱ्या जावा सर्व्हरना याचा फायदा झाला, हे विरोधकही मान्य करत.

पण जुन्या पद्धतीच्या खोडी गृहीत धरून लिहिलेले प्रोग्राम अडकू लागले. त्यावरचा तोडगा मजेशीर होता. प्रोग्राम सुरू करण्याआधी 'एलडी_अझ्यूम_कर्नल' या व्हेरिएबलमध्ये २.४.१ लिहायचे, की लोडर (प्रोग्रामला लायब्ररी जोडून देणारा) जुनी थ्रेड लायब्ररी उचले. म्हणजे २.४ म्हणवणाऱ्या यंत्रावरच 'हा २.४ आहे असे समज' असे सांगायची वेळ आली! ग्राहकांना वेग हवा होता हे खरे, पण आवृत्तीच्या आकड्यावरचा विश्वास तिथेच ढासळला असे म्हणावे लागते.

२.६ नंतर सम-विषम पद्धत मागे पडली. मार्च २००५ पासून मूळ कर्नलची वेगळी स्थिर शाखा निघू लागली. तिचे नियम कडक होते: पॅच, म्हणजे कोडमधला बदल, १०० ओळींच्या आत आणि खऱ्या, लोकांना भोवणाऱ्या दोषापुरता. नव्या हार्डवेअरचा ओळख क्रमांक तेवढा चाले. डेबियन या वितरणाने २००८ मध्ये दुसरी वाट धरली. डेबियन ४.० च्या २.६.१८ ला हात न लावता शेजारी २.६.२४ चा पर्याय ठेवला. नवे हार्डवेअर असेल त्याने तो घ्यावा. इतका सरळ मार्ग असताना बाकीचे तो का टाळत, याचे उत्तर बाहेरच्या, म्हणजे मूळ कर्नलमध्ये नसलेल्या, ड्रायव्हरमध्ये आहे. गोठवलेल्या कर्नलच्या अंतर्गत रचनेवर बांधलेले असे ड्रायव्हर मॉड्यूल नव्या कर्नलवर चालतीलच असे नाही.

जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन हा प्रोसेसरमधला सुरक्षा दोष उघड झाल्यावर दुरुस्ती आणि वैशिष्ट्य ही सीमाच पुसली. कर्नलची पेज टेबल (मेमरीच्या पत्त्यांचे तक्ते) वेगळी ठेवणे हा मोठा बदल होता, वेगही खाणारा. तरी तो जुन्या शाखांत नेण्यावाचून गत्यंतर नव्हते. ४.४ आणि ४.९ मध्ये त्याचे जे रूप गेले, ते ४.१५ मधल्याहून निराळे होते.

पुढची भर दोष क्रमांकांची. फेब्रुवारी २०२४ पासून कर्नल प्रकल्प स्वतःच सीव्हीई क्रमांक (सुरक्षा दोषांचे जाहीर ओळख क्रमांक) देऊ लागला आणि त्यांचा ओघ वाढला. समजा एखाद्या वितरणाचा कर्नल ३.१० या जुन्या आकड्याचा आहे, पण त्यात पुढच्या दुरुस्त्या भरल्या आहेत; सुरक्षा स्कॅनर तो आकडा पाहून केव्हाच बुजवलेले छिद्र उघडे असल्याचे सांगतो. उलट, बॅकपोर्ट केलेल्या नव्या कोडबरोबर आत आलेला दोष '३.१० ला लागू नाही' म्हणून सुटूनही जाऊ शकतो. त्यामुळे असा मिश्र कर्नल सांभाळणाऱ्याला प्रत्येक क्रमांक आपल्या कोडशी ताडून पाहावा लागतो.