आधी पाचन, मग शोधन: आमाची कल्पना आणि कोकणातली पेज

गोव्यात आणि सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर आता मुक्कामासोबत ‘डिटॉक्स’ही विकत मिळतं. तीन-चार दिवसांत शरीर शुद्ध करून देण्याची भाषा असते आणि नाव आयुर्वेदाचं घेतलं जातं. म्हणूनच आयुर्वेदाने या शुद्धीचा क्रम कसा लावला होता, ते मुळापासून पाहायला हवं.

आयुर्वेदाची सुरुवात विषापासून नव्हे, अग्नीपासून, म्हणजे पचवण्याच्या शक्तीपासून होते. पोटातला जठराग्नी १, पंचमहाभूतांचे भूताग्नी ५ आणि रस-रक्तादी सात धातूंचे (शरीर घडवणाऱ्या घटकांचे) धात्वग्नी ७, असे एकूण १३ अग्नी मानले आहेत. त्यांत मुख्य जठराग्नी. अग्नी मंदावला की सगळे रोग होतात, असं आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट याने ‘अष्टांगहृदया’त थेट लिहिलं आहे. अग्नीचं बळ कमी पडल्यामुळे जो आहाररस न पचता आमाशयात राहून दूषित होतो, तो आम. अंग जड होणं, आळस, तोंडाची चव जाणं, थुंकी सुटणं, मळ अडकणं ही आमाची लक्षणं त्याच ग्रंथात आहेत.

वाग्भटाचं पुढचं सांगणं मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. आमयुक्त दोष (बिघडलेले वात, पित्त, कफ) शरीरभर पसरून धातूंत मुरलेले असतील, तर ते जबरदस्तीने बाहेर काढू नयेत. कच्चं फळ पिळलं तर रस निघत नाही, फळाचा मात्र नाश होतो, हा दृष्टांतही त्याचाच. आधी पाचन (आम पचवणं) आणि दीपन (अग्नी वाढवणं), मग स्नेहन-स्वेदन (तेल-तूप देणं आणि घाम काढणं), आणि त्यानंतर योग्य काळी, रोग्याचं बळ पाहून, जवळच्या मार्गाने शोधन, म्हणजे दोष बाहेर काढणं. ‘चरकसंहिता’ या आयुर्वेदाच्या मूळ ग्रंथात चरकाने लंघनाचे, म्हणजे शरीर हलकं करण्याचे, १० प्रकार सांगितले आहेत. त्यांतले वमन (उलटी), विरेचन (जुलाब), बस्ती (एनिमा) आणि शिरोविरेचन (नाकातून औषध) हे चारच शोधनाचे. उरलेल्यांत उपवास, व्यायाम, तहान सोसणं, ऊन-वारा घेणं आणि पाचक औषधं येतात. सौम्य शुद्धी म्हणतात ती खरं तर हीच.

कोकणात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. तिथे ऋतुचर्या, म्हणजे ऋतूनुसार आहार-विहार, कागदावर राहूच शकत नाही. वर्षा ऋतूत अग्नी क्षीण होतो, म्हणून जुनं धान्य, कढण आणि गार पावसाळी दिवशी आंबट, खारट, स्निग्ध जेवण घ्यावं, असं ग्रंथ सांगतात. कोकणातल्या पावसाळी चुलीवर हेच दिसतं: उकड्या तांदळाची पेज आणि लोणच्याची फोड, कुळथाची पिठी, आमसुलाचं सार, पहिल्या पावसानंतर टाकळा आणि भारंगीची भाजी. बांगड्यात तिरफळ घालतात. मासे खाल्ल्यावर दूध पिऊ देत नाहीत. माशांसोबत दूध घ्यावं का, यावर चरकसंहितेत वादच रंगला आहे आणि त्यातले गुरू आत्रेय यांचा निर्णय ‘घेऊ नये’ असाच आहे.

किनाऱ्यावरच्या या परंपरेचा जुना लेखी पुरावा एका पोर्तुगीज वैद्याकडून मिळतो. गार्सिया द ओर्ता १५३४ मध्ये गोव्यात आला आणि १५६३ मध्ये त्याने तिथेच आपला संवादरूप ग्रंथ छापला. मोडशी, म्हणजे उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार, त्याने जवळून पाहिला होता. गोव्यात त्याआधी १५४३ मध्ये मोठी साथ येऊन गेली होती. स्थानिक वैद्य रोग्याला मिरी आणि जिरं घातलेली भाताची पेज पाजतात आणि पायाला डागही देतात, असं ओर्ता लिहितो. आता चरकसंहितेतला विमानस्थान हा विभाग उघडा. आमामुळे होणाऱ्या विसूचिकेत, म्हणजे उलट्या-जुलाबांत, आधी लंघन, मग विरेचनानंतर ज्या क्रमाने आहार देतात तोच क्रम, असं तिथे आहे. तो क्रम पेयेपासून सुरू होतो: पेया (पातळ पेज), विलेपी (दाट पेज), मग मुगाचं कढण. शोधन पूर्ण झालेल्याला नेहमीच्या जेवणावर यायला ७ दिवस लागतात. डागण्याची रीत मागे पडली हे बरंच झालं. पेज मात्र टिकली, आणि तांदळाच्या पिठावर आधारलेली जलसंजीवनी जुलाबांवर उपयोगी पडते, हे विसाव्या शतकात आधुनिक वैद्यकानेही तपासून पाहिलं.

औषधं घरच्या खलबत्त्यातून कारखान्यात गेली ती एकोणिसाव्या शतकात. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ मध्ये पनवेलला धूतपापेश्वर हा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना सुरू केला. सावंतवाडीत आयुर्वेद महाविद्यालय आहे, आणि २०२२ मध्ये पेडणे तालुक्यातल्या धारगळला केंद्र सरकारची आयुर्वेद संस्था उभी राहिली.

एकोणिसाव्या शतकातच युरोपातून दुसरा विचार आला. आतड्यात कुजणारा मळ रक्तात विष कालवतो, असं पॅरिसचे डॉक्टर बूशार १८८०च्या दशकात मांडत होते. त्यातून एनिमाचं वेड पसरलं. पुढे वैद्यकाने हा सिद्धांत टाकून दिला, पण शुद्धीच्या बाजारात तो आमाच्या नावाने आजही फिरतो. चरकाने ‘आमविष’ म्हटलं आहे खरं, पण ते विरुद्ध अन्न खाणाऱ्या, आधीचं पचण्यापूर्वी पुन्हा जेवणाऱ्या माणसाच्या टोकाच्या अवस्थेला, आणि ती अवस्था अत्यंत असाध्य आहे असंही बजावलं आहे. प्रयोगशाळेत मोजता येईल असा आम नावाचा एक पदार्थ नाही. शरीरातली टाकाऊ द्रव्यं यकृत आणि मूत्रपिंडं रोजच बाहेर टाकत असतात.

वमन वसंतात, बस्ती वर्षेत, विरेचन शरदात, ही वेळापत्रकं निरोगी माणसासाठीही सांगितली आहेत, पण वैद्याने भूक, कोठा आणि ताकद पाहिल्यावरच. गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं माणूस किंवा मूत्रपिंडाचा रोगी यांना ऐकीव माहितीवर जुलाब देणं धोक्याचं आहे. शरीरातलं पाणी आणि क्षार काही तासांत उतरतात. अशांनी हलकं जेवावं, भूक लागेल तेव्हाच जेवावं, आणि तेवढ्याने बरं वाटलं नाही तर डॉक्टरांकडे जावं.