शून्य प्रहरातला मुद्दा म्हणजे संसदेतला प्रश्न नव्हे

संशोधक विद्यार्थ्यांचे शिष्टमंडळ खासदारांना निवेदन देते, अधिवेशनात खासदार फेलोशिपच्या, म्हणजे संशोधन-विद्यावेतनाच्या, विलंबावर दोन मिनिटे पोटतिडकीने बोलतात, त्याची चित्रफीत सर्वत्र फिरते आणि मथळा असतो, ‘आपला प्रश्न संसदेत विचारला गेला’. बहुतेक वेळा प्रश्न विचारलेलाच नसतो. शून्य प्रहरात, म्हणजे सदस्यांना तातडीचे विषय मांडण्यासाठी मिळणाऱ्या वेळेत, मुद्दा मांडलेला असतो.

आयसर किंवा एनसीएल अशा केंद्राच्या संशोधन संस्थांच्या विषयासाठी खासदार आणि राज्य विद्यापीठांतील रिक्त पदांसाठी आमदार, हा भेद बहुतेकांना ठाऊक असतो, त्यामुळे त्यावर शब्द खर्च करत नाही.

शून्य प्रहराचा उल्लेख सभागृहाच्या नियमावलीत नाही. तो प्रथेने रूढ झाला. तिथे सदस्याच्या बोलण्याची नोंद होते, पण मंत्र्यांवर उत्तर देण्याचे बंधन नसते. याउलट, दाखल करून घेतलेल्या प्रश्नाला संबंधित मंत्रालयाला ठरलेल्या दिवशी उत्तर द्यावेच लागते. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत 20 तारांकित आणि 230 अतारांकित प्रश्न असतात. तारांकित प्रश्नाचे उत्तर मंत्री तोंडी देतात आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे लेखी उत्तर सभापटलावर ठेवले जाते. प्रतिष्ठेपायी तारांकित प्रश्नाचाच आग्रह धरणाऱ्यांशी माझे कधी जमले नाही, कारण प्रश्नोत्तराच्या तासाभरात पुकारले न गेलेल्या तारांकित प्रश्नांचीही शेवटी लेखीच उत्तरे मिळतात, आणि ज्याला आकडे हवे आहेत त्याला अतारांकित प्रश्न पुरेसा असतो. ‘माहिती गोळा करण्यात येत असून ती सभापटलावर ठेवण्यात येईल’ एवढेच उत्तर आले, तरी ते आश्वासन मानले जाते आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. शून्य प्रहरातल्या भाषणातून असे काहीही हाती लागत नाही.

मात्र प्रश्नाची सूचना पूर्ण 15 दिवस आधी द्यावी लागते. त्यामुळे अधिवेशन रंगात आल्यावर पुष्पगुच्छ घेऊन जाणाऱ्यांना शून्य प्रहराखेरीज फारसे काही उरत नाही, आणि छायाचित्र तेवढे छान येते. प्रश्नाचा मसुदाही आपणच लिहून न्यावा. प्रश्नात युक्तिवाद, उपरोध किंवा आरोप चालत नाहीत, म्हणून ‘सरकार संशोधकांची उपेक्षा का करत आहे’ असे न लिहिता ‘मागील 3 आर्थिक वर्षांत किती संशोधकांना फेलोशिपची रक्कम 3 महिन्यांहून अधिक विलंबाने मिळाली’ असे लिहावे. मंत्रालयही अचूक हवे : यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोग) फेलोशिप शिक्षण मंत्रालयाकडे, सीएसआयआरची (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद) विज्ञान व तंत्रज्ञान मंत्रालयाकडे आणि आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आरोग्य मंत्रालयाकडे येते. आपले खासदार स्वतःच मंत्री असतील, तर ते प्रश्न विचारत नाहीत. अशा वेळी शेजारच्या मतदारसंघाच्या किंवा राज्यसभेच्या खासदारांची वेळ घ्यावी.