पेशीतल्या सळया आणि त्यांची चलाने

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत उभ्या राहणाऱ्या एखाद्या इमारतीच्या आवारात डोकावले, तर वेगवेगळ्या जाडीच्या सळया निरनिराळ्या रचून ठेवलेल्या दिसतात. पोलाद एकच असले, तरी रिंगांसाठी आणलेली बारीक सळई खांबाच्या उभ्या सळईच्या जागी चालत नाही. पेशीच्या सांगाड्यातील अ‍ॅक्टिन या प्रथिनाचेही असेच आहे. सस्तन प्राण्यांत त्याची ६ जनुके असतात: चार प्रामुख्याने कंकाल, हृदय व मृदू स्नायूंसाठी, तर बीटा आणि गॅमा ही दोन जवळजवळ सर्व पेशींसाठी.

सळयांच्या जाडीतला फरक निदान डोळ्यांना दिसतो. बीटा आणि गॅमा अ‍ॅक्टिनच्या सुमारे ३७५ अमिनो आम्लांच्या साखळ्यांत मात्र केवळ ४ जागी फरक आहे, तोही सगळा सुरुवातीच्या टोकाशी, आणि अदलाबदल झालेली आम्लेही एकमेकांची सख्खी भावंडे वाटावीत अशी. हा उत्क्रांतीचा गलथानपणा म्हणावा, तर माणसाच्या आणि कोंबडीच्या कंकाल स्नायूंतील अ‍ॅक्टिनमध्ये एका आम्लाचाही फरक नाही. इतक्या काटेकोरपणे जपलेल्या प्रथिनात चार जागचा फरक उगाच टिकून राहील, हे पटत नाही.

बीटाचे जनुक निकामी केलेले उंदीर गर्भातच मरतात. गॅमाविना जन्मलेले काही उंदीर जगतात, पण लहानखुरे राहतात आणि हळूहळू बहिरे होतात, कारण कानातील केशपेशींच्या सूक्ष्म रोमांना अ‍ॅक्टिनच्या जुड्यांचाच आधार असतो.

यावरून ‘प्रत्येक रूपाचे काम वेगळे’ असे म्हणून आपण मोकळे झालो असतो. परंतु २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांच्या बीटा जनुकातील मोजकी अक्षरे बदलून त्याच्याकडून गॅमा प्रथिन तयार करवून घेतले गेले, आणि बीटा प्रथिन अजिबात नसलेले हे उंदीर व्यवस्थित जगले. म्हणजे जगण्यासाठी अत्यावश्यक होते ते बीटाचे जनुक. चार आम्लांचा फरक नव्हे. सळईपेक्षा तिच्याबरोबर येणारे चलान महत्त्वाचे ठरावे, तसाच हा प्रकार. बीटाच्या संदेशवाहक आरएनएच्या, म्हणजे प्रथिन बनवण्यासाठी जनुकावरून उतरवलेल्या प्रतीच्या, शेपटाकडील भागात जणू पत्ताच लिहिलेला असतो. त्यामुळे हा आरएनए सरकणाऱ्या पेशीच्या पुढच्या कडेला पोहोचतो आणि प्रथिन नेमके तिथेच तयार होते.

हृदयात मात्र चलानावर भागत नाही. हृदयाचे अ‍ॅक्टिन नसलेल्या उंदरांच्या हृदयात आतड्याच्या मृदू स्नायूंमधील अ‍ॅक्टिन तयार करवले, तेव्हा काही उंदीर वाचले खरे, पण त्यांची हृदये फुगली आणि आकुंचनाचा जोर कमी पडला.