रात्री उठावं लागतं म्हणून पाणी तोडू नका
(शुगरच्या तपासणीला येणाऱ्यांसाठी, आमच्या लॅबकडून)

"पाणीच नाई पेलो बाप्पा, रातभर एकीले उठा लागते."

सकाळी सात वाजता आमच्या बाकावर हे रोजचंच. त्यात 'उपाशी या' म्हटलं की पाणीही बंद, असा बऱ्याच जणांचा समज. मग लघवीची डबी हातात घेऊन माणूस अर्धा तास बसतो. शीर सापडत नाही, दोनदा टोचावं लागतं आणि नाव खराब होतं आमच्या पोराच्या हाताचं. मागची माणसं ताटकळतात, एखाद्याची एसटी सुटते.

उपाशी म्हणजे किमान आठ तास खाणं नाही, चहा नाही, बिनसाखरेचासुद्धा नाही. साधं पाणी चालतं, प्याच. स्टँडवर 'अर्धाच कप' घेऊन आलेल्यांना आम्ही परत पाठवतो. राग येतो, कबूल. पण त्या अर्ध्या कपाच्या आकड्यावर गोळी वाढली तर भोगाल तुम्ही.

रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडांना ती सगळी परत ओढून घेता येत नाही. ती लघवीत उतरते आणि सोबत पाणी घेऊन जाते. म्हणून तहान लागते. तुम्ही पाणी तोडलं तरी साखर पाणी नेतच राहते, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तर अंग पार कोरडं पडतं. संध्याकाळचं थोडं पाणी दिवसा पिऊन घ्या, एवढंच. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारात डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल तर त्यांचंच ऐका.

दर वेळी दोष शुगरचाच असतो असंही नाही. प्रोस्टेट, लघवीतलं इन्फेक्शन, संध्याकाळी घेतलेली 'पाण्याची गोळी' (लघवी वाढवणारी), पायांवरची सूज, यांनीही रात्री उठावं लागतं. गोळी मात्र मनाने बंद करू नका. रात्री कितीदा उठता, लघवी भरपूर होते की थोडी थोडी, हे तीन दिवस कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. जळजळ, ताप असेल तर थांबू नका. लघवी अडली किंवा उलट्या होऊन गुंगी येत असेल तर आमच्याकडे नाही, सरळ दवाखान्यात जा.

सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या सोबत आणा. डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी साखर लघवीवाटेच बाहेर काढते, त्यामुळे लघवीत साखर दिसणारच. त्यावरून आमच्याशी भांडण झालेलं आहे. घरात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल तर तेही आधी सांगा, कारण तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी त्यात फसवू शकते.

जेवणानंतरचा नमुना पहिल्या घासापासून दोन तासांनी. तर्री-पोहे खाऊन अर्ध्या तासात येऊ नका, आणि वावरात निघूनही जाऊ नका. साखर आणि लघवी, दोन्ही तपासण्या एकाच खेपेत होतात. पहिल्या एसटीवाल्यांसाठी साडेसहाला उघडतो. बाथरूम मागच्या बाजूला आहे, माठ दारातच भरलेला असतो.