धौलाधारचे गोटे

हिमाचलमधल्या पालमपूरच्या चहामळ्यात शिरलं की लोक झुडपांचे फोटो काढतात. मी बांध बघत बसलो. कमरेएवढे दगडी गडगे, आणि त्यातला दगडन् दगड गोल, घासूनपुसून गुळगुळीत. सैल बसलेला एक नारळाएवढा गोटा काढून हातात घेतला, तर पांढरट अंगावर काळे ठिपके आणि उन्हात धरल्यावर अभ्रकाची चमक. ग्रॅनाइट. इथेच गोची आहे. कांगडा जिल्ह्यातल्या खालच्या टेकड्या शिवालिकच्या, म्हणजे वाळूच्या दगडाच्या, चिकणमातीच्या आणि नदीच्या गोट्यांच्या. ग्रॅनाइट आहे तो वर, धौलाधार या उंच डोंगररांगेच्या माथ्याकडे. मग हा चहामळ्यात कसा आला?

मान वर केली की उत्तर समोर असतं. हिमालय बहुतेक ठिकाणी पायऱ्यापायऱ्यांनी वर चढतो: आधी शिवालिकच्या टेकड्या, मग मधले डोंगर, मग बर्फ. शिमल्याहून बर्फाची शिखरं दिसतात ती लांब, क्षितिजावर. कांगड्यात मधल्या पायऱ्या जवळपास गायबच आहेत. कांगडा गाव समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर, आणि तिथून जेमतेम २५-३० किलोमीटरवर साडेचार हजार मीटरची भिंत. भारताचा भूपट्ट उत्तरेकडे सरकत आशियाखाली घुसतो आहे, आणि त्या रेट्यात जुने खडक तुटून तरुण शिवालिकच्या अंगावर चढले आहेत. ते जिथे चढले ती भेग, म्हणजे भूवैज्ञानिकांची ‘मुख्य सीमा भेग’, धौलाधारच्या पायथ्यालगत जाते. गाडीने धर्मशाळेहून वर मॅक्लोडगंजला जाताना आपण ती केव्हा ओलांडली ते कळतही नाही.

भिंत असली की पाऊस अडणारच. महाबळेश्वर आणि वाई ज्याने पाहिलंय त्याला हे वेगळं सांगायला नको. मोसमी वारे पंजाबच्या सपाटीवरून येतात, धौलाधारला धडकतात, वर चढताना गार होतात आणि धर्मशाळेवर रिकामे होतात. वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर! भिंतीपलीकडच्या चंबा खोऱ्यात पाऊस बराच कमी. एवढं पाणी एवढ्या उभ्या उतारावरून येतं तेव्हा ते एकटं येत नाही. डोंगरातले कडे फोडून, ठोकळे लोळवत, घासत आणतं आणि उतार संपला की ओझं टाकून देतं. लाखो वर्षं असंच चाललं, आणि पायथ्याशी गोट्यांचे पंख्यासारखे पसरट ढीग साचले. पालमपूर, बैजनाथ, धर्मशाळेचा खालचा भाग हे सगळं त्या ढिगांवर वसलंय. चहामळ्याच्या बांधातला गोटा हा त्या ढिगातलाच.

इथल्या ओढ्यांना ‘खड्ड’ म्हणतात: न्यूगल खड्ड, बनेर खड्ड, गज खड्ड. सगळ्या शेवटी बियासला मिळतात. मे महिन्यात न्यूगलच्या पात्रात उतरलात तर घोट्याएवढं पाणी आणि ट्रकएवढे धोंडे दिसतात. एवढंसं पाणी एवढा धोंडा कसा आणेल, असं वाटतं. ते पाणी आणत नाही, जुलैचं पाणी आणतं. १२ जुलै २०२१ ला मॅक्लोडगंजजवळच्या भागसूनागचा एरवी नाल्यासारखा ओढा रस्त्यावरून धावला आणि उभ्या गाड्या खेळण्यांसारख्या वाहून गेल्या.

या अवखळ पाण्याला कांगड्याच्या माणसाने जे वळण लावलं त्याचं मला सर्वात जास्त कौतुक वाटतं. खड्डमध्ये दगड-झाडोऱ्याचा कच्चा बंधारा घालायचा, पाणी कडेने वळवायचं आणि उताराच्या अंगाने, पंप-बिंप काही नाही, मैलोन्मैल भातखाचरांपर्यंत न्यायचं. या पाटाला ‘कूहल’ म्हणतात. जिल्ह्यात मोठ्या कूहली सातशेहून जास्त, लहानांची तर गणतीच सोडा. गोट्यांच्या पंख्याचा मंद, एकसारखा उतार हेच त्यांचं इंजिन. उन्हाळ्यात वरचं बर्फ वितळत असतं, म्हणून भाताच्या लावणीला पाऊस यायच्या आधी पाणी मिळतं. वाटेत त्याच पाण्यावर घराट, म्हणजे पाणचक्की, फिरते आणि दळण होतं. कूहलीची जबाबदारी ‘कोहली’कडे असते. पाळ्या लावायच्या, भांडणं मिटवायची, पुरात बंधारा गेला की माणसं गोळा करायची. धुळ्या-नाशकातल्या फड पद्धतीतला पाटकरी ज्यांना माहीत आहे, त्यांना हा माणूस ओळखीचा वाटेल. बंधारा कच्चा ठेवण्यात आळस नाही. पक्का बांधला तर खड्ड तो गोट्यांनी फोडेल. कच्चा वाहून गेला, तर चार दिवसांत पुन्हा उभा राहतो.

डोंगराने आणखी एक वस्तू दिली: स्लेट. आपल्या शाळेतल्या पाटीचा दगड. धर्मशाळेजवळ खनियाऱ्याला त्याच्या खाणी आहेत. पातळ थरांत फुटणारा हा दगड कौलांसारखा रचला की मुसळधार पाऊस ओघळून जातो. खाली उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांच्या भिंती, वर स्लेटचं जड छप्पर. पावसासाठी उत्तम घर. पण ४ एप्रिल १९०५ ला सकाळी सव्वासहाच्या सुमाराला जमीन हलली, तेव्हा ही घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. तीव्रता अंदाजे ७.८, मृत्यू सुमारे २० हजार. कांगड्याचा किल्ला ढासळला, गावातलं व्रजेश्वरीचं देऊळ जमीनदोस्त झालं. बाणगंगा आणि मांझीच्या संगमावरच्या या किल्ल्याने १००९ मध्ये गझनीचा महमूद पाहिला, १६२० मध्ये जहांगीरची फौज पाहिली, १८०९ मध्ये रणजितसिंगाचं राज्य पाहिलं. एवढी पडझड मात्र त्याने त्या सकाळीच पाहिली.

भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या मिडलमिस यांनी नंतर गावोगावची पडझड नोंदवून नकाशा काढला. त्यात हादऱ्याचं एक केंद्र कांगड्याभोवती आणि दुसरं, लांब, डेहराडूनजवळ दिसलं. एकाच भूकंपाची दोन केंद्रं कशी, याचा खल पुढे बरीच वर्षं चालला. पहिल्या धक्क्याने दुसरा, जास्त खोलवरचा भूकंप तिकडे जागा केला असावा, असं अलीकडच्या काही अभ्यासकांचं म्हणणं आहे. भूपट्टाचा रेटा मात्र थांबलेला नाही. आज धर्मशाळेच्या उतारांवर खांबांवर उभारलेली पाच-सहा मजली हॉटेलं पाहिली की माझ्या पोटात गोळा येतो.

चहालाही या भूकंपाची झळ बसली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इथे चिनी जातीची रोपं लावली गेली होती आणि लंडनच्या बाजारापर्यंत कांगडा चहाचं नाव झालं होतं. भूकंपात कारखाने पडले, बहुतेक इंग्रज मळेवाले मळे विकून निघून गेले आणि चहा मागे पडला. २००५ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. कोरा प्यायलात तरच त्याची चव कळेल. दूध-आलं घालून उकळायचा असेल तर आसामचा घ्या.

ज्वालामुखीच्या देवळाबद्दल थोडक्यात सांगतो. नाव फसवं आहे, ज्वालामुखी इथे नाही. खालच्या खडकांतला नैसर्गिक वायू भेगांतून वर येतो आणि निळसर ज्योतीने जळतो. तेल-वायूच्या शोधात ओएनजीसीने सुरुवातीच्या काळात याच भागात विहीर खोदली होती, पण व्यापारी उत्पादन करावं इतका वायू लागला नाही.

बैजनाथचं देऊळ, शके ११२६ चं, भूकंपातून थोडक्यात बचावलं. मसरूरचं नशीब मधलं. मसरूरला आपल्याकडचा माणूस हमखास थबकतो, कारण ती वेरुळच्या कैलासाची भावंडं: डोंगर वरून खाली कोरत काढलेली देवळं, काळही ढोबळमानाने आठव्या शतकाचाच. फरक दगडाचा. कैलास कठीण बेसाल्टात आहे. मसरूरचा वाळूचा दगड बोटाने घासला तर कण हाताला लागतात. शिखरं पावसाने विरघळल्यासारखी झाली आहेत, १९०५ ने काही भाग पाडलाय, आणि काम मुळातच अर्धवट राहिलेलं दिसतं. देवळांचं तोंड ईशान्येला, धौलाधारकडे.

जायचं तर ऑक्टोबरात. पाऊस सरलेला असतो, हवा स्वच्छ असते, आणि वरच्या ‘जोत’ म्हणजे खिंडी ओलांडून गद्दी धनगर मेंढरं घेऊन खाली उतरत असतात. पठाणकोट ते जोगिंदरनगर ही १९२९ ची छोटी रेल्वे चालू असेल तर तिच्यात बसा. आधी चौकशी करा मात्र. ऑगस्ट २०२२ च्या पुरात चक्की खड्डने तिचा पूल पाडला होता. गाडी मिळाली तर जोगिंदरनगरकडे जाताना डावी खिडकी धरा. भिंत त्या बाजूला आहे.